जयपूरला गेलो ते विळीसाठी!

जयपूरला जाऊन आलं की शेजारणींचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय आणलंत?" बांधणीच्या साड्या, लाखेच्या बांगड्या, ती हातात मावणारी रजई, निळ्या नक्षीची भांडी... यादी तुम्हांलाही पाठ असेल. आम्हीही यातलं थोडंफार आणलं. पण आम्ही जयपूरला गेलो होतो ते एक पाय आणायला. दचकू नका! पाय खोटाच, पण तो मांडी घालतो, उकिडवा बसतो आणि मुख्य म्हणजे विळीवर बसतो.

त्याचं असं झालं. माझ्या धाकट्या जावेचा उजवा पाय अपघातात गेला. मोटरसायकलवर मागे बसली होती, ट्रकचा धक्का लागला. गुडघा वाचला, खालचं वाचलं नाही. जीव वाचला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली, आणि ती घरी आल्यावर तिला अगदी फुलासारखं जपायचं असं सगळ्यांनी ठरवलं. या जपण्याबद्दल पुढे सांगणारच आहे.

सहा महिन्यांनी भाऊजींनी मोठ्या शहरात नेऊन तिला पाय करून आणला. कुठून ते सांगत नाही. पैसे मात्र चांगले लाखाच्या घरात मोजले. दिसायला झकपक, पण त्या पायाला बूट सक्तीचा, आणि घोटा म्हणून वाकायचा नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या, टेबलावर जेवणाऱ्या माणसाला तो पाय उत्तम असेलही. पण बूट घालून आपण स्वयंपाकघरात कशा जाणार? देवघरात कशा जाणार? माप द्यायला गेली तेव्हाच तिने तिथल्या माणसाला विचारलं होतं, "याने मला विळीवर बसता येईल का?" तो हसला. म्हणाला, "मॅडम, आता चाकू वापरायला शिका."

आता तुम्हीही म्हणाल, बरोबरच आहे त्याचं. हल्ली कितीजणींच्या घरी विळी उरलीय? पण आमच्याकडे आहे. सासूबाईंच्या वेळची, जड शिसवी पाटाची. आणि धाकटी त्या विळीवर बसली की बघत राहावं. कोबी चिरला तर केसासारखा! ती विळी माळ्यावर गेली. तो लाखाचा पायही दोन महिन्यांत कपाटामागे गेला, आणि धाकटी कुबड्यांवर आली.

आपल्याकडे रोटरी-लायन्सवाले 'जयपूर फूट'ची शिबिरं भरवतात, ते तुम्ही वाचलं असेल. आमच्या गावच्या शिबिराची तारीख नेमकी हुकली. तेव्हा धाकटीच म्हणाली, "पाय जयपूरचा ना? मग जयपूरलाच जाऊ या की!" अपघातानंतर कुठे जाऊ या असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं आटोपली आणि धाकटी, भाऊजी आणि मी असे तिघं निघालो.

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी जयपूरची गाडी असते, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. सुरत गेलं, भाऊजी घोरायला लागले. समोरच्या बाकावर धाकटी जागीच होती. म्हणाली, "वहिनी, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"हळदीकुंकवाला तुम्ही माझ्यासाठी दाराशी खुर्ची ठेवलीत ना, तेव्हा सगळ्याजणी सतरंजीवर बसल्या होत्या. आपसांत हसत होत्या. माझ्याकडे मान वर करून बघायच्या आणि विचारायच्या, बरी आहेस ना? तेवढंच. दुसरं काही कुणी बोललं नाही. मला वाटलं, मी या घरात पाहुणी झाले."

मैत्रिणींनो, ती खुर्ची मी स्वतः बाजारात जाऊन आणली होती. वर मऊ गादी शिवून घातली होती. तिला त्रास नको म्हणून! त्रास नको म्हणून तिला पंगतीत वाढायला लावत नव्हते, गर्दी असते म्हणून डोहाळजेवणाला नेत नव्हते, आणि मंगळागौरीला तर 'तू आपली घरीच आराम कर' असं मीच सांगितलं होतं. तिने कधी हट्ट केला नाही, म्हणून मला वाटलं तिलाही हे बरंच वाटतंय. मी काहीच बोलले नाही. रतलाम गेलं तरी डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कोट्याला भाऊजींनी गरमागरम कचोऱ्या आणल्या, तेव्हा कुठे आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

जयपूर शहर सवाई जयसिंगाने १७२७ साली आखून वसवलं. रस्ते सरळसोट, चौक मोठे. १८७६ साली इंग्लंडचा युवराज यायचा होता म्हणून शहराला गुलाबी रंग दिला, तो आजतागायत तसाच देतात. पण आमची रिक्षा त्या गुलाबी शहराकडे वळली नाही, थेट मालवीयनगरला गेली. तिथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीचं केंद्र आहे. डी. आर. मेहता नावाच्या सनदी अधिकाऱ्यांनी १९७५ मध्ये ही संस्था काढली. १९६९ साली मोटारीच्या अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या मनात आलं, आपल्याला उपचार परवडले, ज्यांना परवडत नाहीत त्यांचं काय?

इथली पद्धत ऐकून भाऊजींना आधी खरंच वाटेना. आधी नंबर लावावा लागत नाही. कधीही या, अगदी रात्री-अपरात्री आलेल्यालाही परत पाठवत नाहीत. पाय फुकट, राहणं-जेवण फुकट. गुडघ्याखालचा पाय असेल तर बहुधा दिवसा-दोन दिवसांत माणूस चालत घरी जातो. (फक्त जखम पूर्ण भरलेली हवी बरं का. टाके ओले असताना धावत जाऊन उपयोग नाही. आणि ओळखपत्र बरोबर असू द्या.)

आवारात शिरलो आणि धाकटी एकदम थांबली. बाकांवर, ओट्यावर, जमिनीवर, जिकडे बघावं तिकडे तिच्यासारखीच माणसं. कुणी बिडी ओढतोय, कुणी पत्ते खेळतोय, एक मुलगा एका पायावर उड्या मारत दुसऱ्या मुलाचा पाठलाग करतोय! तिच्या पायाकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. अपघातानंतर इतकी निवांत मान वर करून चालताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

माप घ्यायला एक मध्यमवयीन कारागीर आले. धाकटी साडी वर घ्यायला संकोचली. ते काही बोलले नाहीत. खाली बसले, आपल्या पँटचा पायचा वर केला. त्यांचाही पाय रबराचा! इथे काम करणाऱ्यांत असे कितीतरीजण आहेत. "मी आधी या बाकावर बसायचो, आता त्या बाकावर बसतो," म्हणाले. मग धाकटीने मुकाट्याने पाय पुढे केला.

पाय कसा बनवतात ते मी उभी राहून पाहिलं, आणि खरं सांगते, मला आपल्या स्वयंपाकघराचीच आठवण झाली. उरलेल्या पायावर आधी प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात. ते सुकलं की काढायचं, त्यात प्लास्टर ओतून पायाचा हुबेहूब साचा करायचा. मग शेतात पाण्यासाठी वापरतात तसला प्लॅस्टिकचा पाइप भट्टीत मऊ होईपर्यंत तापवायचा आणि त्या साच्यावर मोज्यासारखा ओढायचा. आतली हवा खेचून घेतली की तो साच्याला घट्ट बसतो. झाली पोटरी! पूर्वी ही पोटरी अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत, अगदी पातेलं घडवावं तशी. खालचं पाऊल रबराचं. आत थोडं लाकूड, भोवती मऊ सच्छिद्र रबर, टायरमध्ये असते तसली दोऱ्यांची जाळी, वरून कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं साच्यात बंद करून भट्टीत शिजवतात. बाहेर येतं ते बोटं-बिटं असलेलं पाऊल.

याच्या मागची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जयपूरच्या सवाई मानसिंग इस्पितळात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. त्यांच्या लक्षात आलं, विलायती धर्तीचे पाय दिलेले रोगी काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसतात. (कपाटामागचा आमचा पाय आठवला ना?) पाय वाईट नव्हते. पण ते बूट घालणाऱ्या, खुर्चीत बसणाऱ्या देशांचे पाय होते. आपला शेतकरी चिखलात अनवाणी उतरतो, देवळात अनवाणी जातो, जेवायला मांडी घालतो, परसाकडे उकिडवा बसतो. त्याला तो पाय काय कामाचा? त्याच इस्पितळात रोग्यांना हस्तकला शिकवायला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शिक्षण बेताचं, हात मात्र सोन्याचे. ते मूर्ती घडवणारे, पाय का घडवणार नाहीत? असं सांगतात, की त्यांच्या सायकलचं चाक पंक्चर झालं आणि दुकानात टायरवर रबर चढवताना पाहून त्यांना रबराच्या पावलाची कल्पना सुचली. डॉक्टरांना शरीर ठाऊक, मास्तरांना हत्यारं ठाऊक. दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट करून १९६८ मध्ये हा पाय तयार केला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्तरांचं नाव मात्र कितीजणांना माहीत असतं? मला तरी नव्हतं. आणि या पायाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, म्हणून तो कुणालाही करता आला. अफगाणिस्तान, कंबोडियासारख्या देशांत, जिथे सुरुंगांनी शेतात काम करणाऱ्यांचे पाय नेले, तिथेही तो पोचला. तिथलीही माणसं खालीच बसतात ना, आपल्यासारखी!

आपल्या मुंबईची सुधा चंद्रन तुम्हांला आठवत असेल. १९८१ च्या अपघातानंतर तिचा पाय कापावा लागला आणि १९८४ मध्ये ती याच जयपूरच्या पायावर पुन्हा रंगमंचावर नाचली. तिच्यावरचा 'नाचे मयूरी' आपण सगळ्यांनी डोळे पुसत पाहिलाय. पण धाकटी म्हणते तेही खरं. म्हणते, "वहिनी, मला कुठे नाचायचंय? मला नुसतं खाली बसायचंय."

रात्री आम्ही मुक्कामाला तिथेच राहिलो. आवारात पुरुष पुष्कळ होते, पण बायका आमच्या खोलीत अवघ्या पाच. मी कारण विचारलं तर बिहारकडची एक बाई म्हणाली, तिचा पाय जाऊन आठ वर्षं झाली. दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. कधी कापणी, कधी नणंदेचं लग्न, कधी बरोबर यायला कुणी मोकळं नाही. घरातलं सगळं काम ती आठ वर्षं जमिनीवर सरपटत करत होती आणि घरच्यांना वाटत होतं, चाललंय की तिचं! शेवटी ती भावाला बरोबर घेऊन माहेराहून परस्पर आली होती.

दुसरी एक मारवाडातली आजी. घोळदार घागरा, हातभर बांगड्या. तिचा हा तिसरा पाय. रबर तीन-चार वर्षांत झिजतं, मग येऊन बदलून न्यायचा, आपण चपला बदलतो तसा! ही आजी म्हणजे त्या खोलीतली सासूबाईच. तिने धाकटीला समोर बसवलं आणि शिकवणीच सुरू केली. मी ती ध्यानात ठेवलीय, कारण तुमच्याही घरी, शेजारी कुणाला उपयोगी पडेल.

रोज रात्री पाय काढून ठेवायचा आणि उरलेला भाग साबणाने धुऊन अगदी कोरडा करायचा. आतला मोजा सुती घ्यायचा, रोज धुतलेला. लाल झालं, सोलवटलं तर त्या दिवशी पाय चढवायचा नाही, मग घरी लग्न का असेना! जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी खोटा पाय खाली. हे तिने इतक्यांदा म्हणून घेतलं की मलाही पाठ झालं, "चढ़ते अच्छा, उतरते नक़ली." मोरीत ओल्यात खोट्या पायावर भरवसा ठेवायचा नाही, स्टूल घ्यायचं.

मग धाकटीने हळूच विचारलं, "आजी, नसलेल्या अंगठ्याला खाज येते. रात्री जागी होते मी. मला वेड लागलंय का?" तिने हे भाऊजींना सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मला तर नव्हतंच. आजी खो खो हसली. पाचही जणींनी कबूल केलं. कुणाचा नसलेला घोटा ठणकायचा, कुणाच्या नसलेल्या बोटांना मुंग्या यायच्या. आजी म्हणाली, दुसऱ्या पायाचा अंगठा खाजवून बघ, कधी कधी भागतं! त्या रात्री त्या पाचजणी बारा वाजेपर्यंत बोलत होत्या. हिंदी, मारवाडी, भोजपुरी, मराठी, कुणाला कुणाचं किती कळत होतं देव जाणे. नवऱ्यांबद्दल बोलल्या, सासवांबद्दल बोलल्या, जावांबद्दलही बोलल्या असतील. मी तोंडावर पांघरूण ओढून झोपेचं सोंग घेतलं. त्या खोलीत दोन पायांची मी एकटीच होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय मिळाला. दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून धाकटी चार पावलं चालली, वळली, परत आली. कारागीर म्हणाले, "अब बैठिए." तिने खुर्चीकडे पाहिलं. ते म्हणाले, "कुर्सी पर नहीं, नीचे." ती भिंतीला धरून हळूहळू उकिडवी बसली. घोटा वाकला! रबराचा घोटा खरोखर वाकला. मग तिने बूड टेकलं आणि मांडी घातली. तिथेच फरशीवर. भाऊजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी मात्र खाली तिच्याशेजारी जाऊन बसले. काय बोलणार? कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एका उंचीवर होतो एवढं खरं.

पाय मिळाल्यावर आमचं जयपूर सुरू झालं, तेही बेताबेताने. नव्या पायावर एकदम फार चालायचं नसतं. गोविंददेवजींच्या देवळात दिवसातून सात वेळा दर्शन उघडतं, आम्ही संध्याकाळचं गाठलं. चपला बाहेर काढल्या आणि धाकटी अनवाणी आत आली. बायका खाली बसून भजनं म्हणत होत्या. ती त्यांच्यात जाऊन बसली ती दर्शन बंद झालं तरी उठेना.

हवामहाल मला फक्त चित्रातला ठाऊक होता. सवाई प्रतापसिंगाने १७९९ मध्ये बांधला, पडद्यातल्या राण्यांना रस्त्यावरची मिरवणूक दिसावी म्हणून. ९५३ खिडक्या आहेत म्हणे, मी काही मोजल्या नाहीत. पण तिथली एक गोष्ट कुणीच आधी सांगितली नव्हती. वर जायला जिन्याऐवजी उतार आहेत. राण्यांच्या पालख्या वर न्यायला केलेले! धाकटी कुणाचा हात न धरता एक मजला चढून गेली. आणि आमच्या गावच्या नव्याकोऱ्या मंगल कार्यालयाला, बँकेला, एवढंच कशाला, टपाल कचेरीला बारा बारा पायऱ्या! सव्वादोनशे वर्षांपूर्वी जे राण्यांसाठी सुचलं ते आपल्याला अजून का सुचू नये, याचं मला भारी नवल वाटलं.

खरेदी म्हणाल तर त्रिपोलिया बाजाराजवळ मणिहारांच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या घेतल्या. आपल्या डोळ्यांदेखत निखाऱ्यावर लाख मऊ करून मनगटाच्या मापाने वळून देतात. धाकटीने बांगड्या नाही घेतल्या. चांदीच्या पैंजणांचा जोड घेतला. एक नव्हे, जोड. दुकानदाराला तिने दोन्ही पावलं पुढे करून माप दिलं.

घरी आल्यावर सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. पहिल्या महिन्यात दोनदा सोलवटलं, आठ-आठ दिवस पाय काढून बसावं लागलं. आजीचं ऐकलं नाही म्हणून! चैत्रातलं हळदीकुंकू आलं तेव्हा मी दाराशी खुर्ची ठेवली नाही, सतरंजीच मोठी अंथरली. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "अगंबाई, हिला खाली का बसवलंत?" मला उत्तर सुचेना. धाकटीच म्हणाली, "काकू, सरका जरा, मला डाळ-पन्हं वाटायला जाऊ द्या."

विळी मी माळ्यावरून काढून ठेवली होती, पण तिच्यासमोर काही बोलले नव्हते. गौरी-गणपतीच्या दिवसांत एके सकाळी मी फुलं घेऊन आत आले, तर धाकटी विळीवर बसलेली. डावा पाय दुमडलेला, आणि उजवा, रबराचा, पाटावर दाबून ठेवलेला. समोर अळूची जुडी. पान आडवं धरून तिने चार-पाचदा चिरलं, थांबली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि कपाळाला आठ्या घालून मला म्हणाली, "वहिनी, आधी हिला धार लावून आणा बघू. पार बोथट करून ठेवलीत!"